सेवेला जाताना पाटी कोरी असू द्या

परीक्षा संपली, दप्तर कपाटावर गेलं आणि आता कैऱ्या, करवंदं, मामाचा गाव! पण या आठवड्याच्या टपालातून एक निराळंच पत्र निघालं. ते आलंय शहापूर तालुक्यातल्या भातसानगरहून. भातसा धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत ती हीच. पत्र लिहिणारी मैत्रीण यंदा दहावीत जाणार आहे. ती लिहिते, की त्यांच्या चर्चच्या तरुण गटातली मुलंमुली मे महिन्यात आठवडाभर मुंबईला सेवेसाठी जाणार आहेत. निराधार आजी-आजोबांच्या एका आश्रमात राहायचं आणि पडेल ते काम करायचं, असं ठरलंय.

पण गटात वाद पेटलाय! एकजण म्हणतो, "आपण खेड्यातली मुलं. मुंबईची सेवा आपण काय करणार? तिथं सगळंच आहे." दुसरी म्हणते, "उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर बायका हंडाभर पाण्यासाठी वणवण फिरतात. आधी त्यांची सेवा करा की!" आणि घरची मंडळी म्हणतात, "दहावीचं वर्ष आहे. सेवा कसली करताय? क्लासला बसा." शेवटी ती विचारते, "ताई, आम्ही जावं की नाही?"

उत्तर आधी सांगून टाकते. जा, जरूर जा. पण जाताना पाटी कोरी घेऊन जा. म्हणजे काय, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. थेट लंडनहून!

लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल नावाची वस्ती आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथं फार गरिबी होती. दाटीवाटीची घरं, रोजगाराची शाश्वती नाही, आजार पाचवीला पुजलेले. १८७३ मध्ये सॅम्युएल बार्नेट नावाचे धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा तिथल्या चर्चमध्ये राहायला आले. दोन वर्षांनी, १८७५ च्या सुट्टीत, ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी त्यांना मदत करायला आला. त्याचं नाव अर्नोल्ड टॉयन्बी. नुसतं दिवसा येऊन संध्याकाळी परत जाणं त्याला पटेना. तो त्या वस्तीतच खोली घेऊन राहिला. पुढे तो ऑक्सफर्डला अर्थशास्त्र शिकवू लागला. पण १८८३ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, तो वारला. दुसऱ्याच वर्षी बार्नेट दांपत्यानं व्हाइटचॅपलमध्ये एक घर उभं केलं. विद्यापीठातल्या तरुणांनी तिथं येऊन राहायचं आणि वस्तीतल्या लोकांबरोबर काम करायचं. त्या घराला नाव दिलं 'टॉयन्बी हॉल'. ते अजूनही आहे बरं का!

आता खरी गंमत ऐका. मोठमोठ्या घरचे, शिकलेसवरलेले ते तरुण. त्यांना वाटायचं, आपण गरिबांना शिकवायला आलोय. बार्नेटसाहेबांचा आग्रह मात्र उलटा होता. तुम्ही शिकवायला आलात तितकेच शिकायलाही आलात, हे विसरू नका, असं ते बजावत. मी पाटी कोरी म्हणते ती हीच. आपल्याला सगळं ठाऊक आहे असं समजून गेलेल्या माणसाच्या पाटीवर नवीन काही लिहायला जागाच उरत नाही.

टॉयन्बी हॉल पाहायला अमेरिकेहून एक तरुणी आली होती. जेन अ‍ॅडम्स तिचं नाव. परत जाऊन तिनं १८८९ मध्ये मैत्रिणीच्या मदतीनं शिकागो शहरातल्या गरीब वस्तीत 'हल हाऊस' सुरू केलं. आजूबाजूला परदेशातून आलेली कामगार कुटुंबं राहायची. सुरुवातीला या दोघी शेजाऱ्यांना साहित्य, चित्रकला यांची गोडी लावू पाहत होत्या. पण आया कामावर जातात आणि लहान मुलं घरी एकटी राहतात, हे डोळ्यांना दिसलं. मग पहिल्याच वर्षी बालवाडी निघाली! पुढे दिसलं, की गल्लीतला कचरा कुणी उचलतच नाही. १८९५ मध्ये जेनबाई चक्क त्या विभागाच्या कचरा-निरीक्षक झाल्या. भल्या पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे जायचं आणि काम नीट होतं की नाही ते बघायचं. याच बाईंना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याला काय द्यावंसं वाटतं त्यापेक्षा समोरच्याला काय हवंय, हे त्यांनी आधी पाहिलं.

आता मुंबईत येऊ या. आसनगावहून लोकलनं भायखळ्याला उतरलं, की नागपाडा तिथून जवळच. या नागपाड्यात असंच एक घर सुरू झालं. 'नागपाडा नेबरहुड हाऊस', म्हणजे नागपाड्याचं शेजारघरच म्हणा ना! ते सुरू केलं अमेरिकन मराठी मिशननं आणि त्याचे प्रमुख होते क्लिफर्ड मॅन्शार्ट. मॅन्शार्ट हेही धर्मगुरूच. पण नागपाड्यात मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती असे सगळेच राहत होते. घराचं दार सगळ्यांना सारखंच उघडं होतं. कुणाचा धर्म कोणता, हे तिथं आड येत नसे. वस्तीतल्या मुलांना खेळायला जागा हवी होती, मोठ्यांना वाचायला, बोलायला, शिकायला जागा हवी होती. ती तिथं मिळाली.

पण काम करता करता मॅन्शार्ट यांच्या ध्यानात आलं, की नुसतं मन चांगलं असून भागत नाही. सेवा करायचीही विद्या असते आणि ती शिकावी लागते. मग १९३६ मध्ये टाटांच्या न्यासाच्या मदतीनं समाजकार्य शिकवणारं विद्यालय निघालं. ते कुठं सुरू झालं असेल? त्याच नागपाड्याच्या घरात! आज देवनारला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' ही मोठी संस्था आहे ना, तिचं हे बालपण. तेव्हा तुम्ही मुंबईला सेवा करायला निघालात, तर तुमच्या आधी त्या वाटेनं पुष्कळजण चालून गेलेत, हे लक्षात ठेवा.

आता गटातल्या त्या पहिल्या मित्राकडे वळते. "आपण काय देणार?" अरे, मुंबईला तुम्ही काय देता हे तुला ठाऊक नाही का? मुंबईला पाणी पुरवणारे सात जलाशय आहेत. ते काठोकाठ भरले, की त्यांत मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर वापरण्याजोगं पाणी असतं. त्यांपैकी सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर एकट्या भातसाचं. म्हणजे जवळजवळ निम्मं! तुमच्या धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिसे इथल्या बंधाऱ्याला पोचतं, तिथून पंपानं उचलून पांजरापूरला नेतात, शुद्ध करतात आणि मग मोठमोठ्या नळांमधून मुंबईत पाठवतात. तुम्ही ज्या आश्रमात भांडी घासाल, तिथल्या नळाला कदाचित तुमच्याच गावचं पाणी येत असेल. तानसा तलावही तुमच्याच तालुक्यातला. तो तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय. तेव्हा मान खाली घालून जाऊ नका. मात्र उपकार करायला आल्यासारखी मान ताठ करूनही जाऊ नका. आजाऱ्यावर उपचार करणारी मोठी इस्पितळं, कॉलेजं, नोकऱ्या यांसाठी आपलीही पावलं मुंबईकडेच वळतात की! देणं-घेणं दोन्हीकडून चाललेलं असतं.

राहिली ती दुसरी मैत्रीण. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाही. ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जातं, त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागली. धरणासाठी इथल्या माणसांनी घरं सोडली, जमिनी सोडल्या. धरण उशाला आणि कोरड घशाला, असंच ना हे? असं असताना घरचं सोडून शहरात सेवेला का जायचं?

मला वाटतं, शहरात आठवडाभर राहून आलेला डोळा घरचंही नीट पाहू लागतो. आजारी माणसाला पाणी पाजताना हात कसा धरायचा, दहाजणांनी काम कसं वाटून घ्यायचं, ठरलेल्या वेळेला कसं हजर व्हायचं, कंटाळा आला तरी काम पुरं कसं करायचं, हे तिथं शिकाल. तेच गावाला उपयोगी पडेल. फक्त एक अट आहे. मुंबईचा आठवडा ही अर्धीच सहल समजायची. उरलेली अर्धी परत आल्यावर. पावसाळा संपत आला, की ओढ्याचं वाहतं पाणी अडवायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालतात, तो तुम्ही पाहिला असेल. खर्च थोडा, हात मात्र पुष्कळ लागतात. जाणत्या माणसांना विचारून आपल्या पाड्याजवळ असा एक बंधारा दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या गटानं घालावा. चर्चमधल्या आणि चर्चबाहेरच्या, सगळ्या दोस्तांना हाक मारा. बाबा आमट्यांच्या सोमनाथला तरुणांची उन्हाळी श्रमसंस्कार छावणी भरते, तिथंही कुदळ-फावडं हाती घेतलं की जातपात, गाव, भाषा कुणी विचारत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी चार कानगोष्टी.

एक, आश्रमाला आधी फोन करून विचारा, "तुम्हाला कोणत्या कामात मदत हवी?" मनानं कार्यक्रम ठरवून नेऊ नका. तुम्ही गाणी बसवून न्याल आणि त्यांना तांदूळ निवडणारे हात हवे असतील! कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेत जगभरातून तरुण येतात. त्यांच्या वाट्याला बहुतेक कपडे धुणं, भांडी घासणं, जेवण भरवणं अशीच कामं येतात. कमी प्रतीचं काम म्हणून कुणी ती टाळत नाही.

दोन, आजी-आजोबांना त्यांचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारलीत, की त्यांचा चेहरा बघा कसा फुलतो! मग त्यांना बोलू द्या. त्यांच्यापाशी गोष्टींचा खजिना असतो.

तीन, मोबाइल पिशवीत ठेवा. आपल्याला कुणी भरवत असताना फोटो काढला, तर आपल्याला आवडेल का? मग दुसऱ्याचाही काढू नये.

चार, एक वही न्या. रोज रात्री डावीकडच्या पानावर लिहा, आज आपण काय दिलं. उजवीकडच्या पानावर लिहा, आज आपल्याला काय मिळालं. प्रामाणिकपणे लिहिलंत, तर उजवं पान आधी भरेल, पैज लावते!

आई-बाबांनाही दोन शब्द. दहावीची काळजी रास्त आहे. मुलांबरोबर जबाबदार मोठी माणसं आहेत ना, राहण्याची सोय कशी आहे, मुलींची व्यवस्था वेगळी आहे ना, हे सगळं खुशाल विचारा. विचारलंच पाहिजे. पण एका आठवड्यात अभ्यास बुडेल ही भीती नको. स्वतःचं ताट स्वतः घासायला आणि दुसऱ्याचंही घासायला शिकलेलं मूल वर्षभर घड्याळाकडे बघून अभ्यासाला बसतं, त्याला उठवावं लागत नाही. क्लासात हे शिकवत नाहीत.

आणि हो, हेन्रिएटाबाईंची एक गोष्ट सांगायची राहिलीच. श्रीमंत घरचे तरुण गरीब वस्तीत आणून हे दांपत्य थांबलं नाही. वस्तीतल्या मुलांना सुट्टीत खेड्यातल्या कुटुंबांकडे राहायला पाठवायचं, असाही उपक्रम बाईंनी सुरू केला. ज्या पोरांनी गाय कधी पाहिली नव्हती, ती दूध काढताना पाहू लागली. प्रवास दोन्ही दिशांनी झाला!

तर भातसानगरच्या दोस्तांनो, मुंबईत तुमच्या वयाची जी मुलं भेटतील, त्यांना पुढच्या मे महिन्यात तुमच्याकडे बोलवा. धरणाची भिंत लांबून दाखवा, करवंदं खायला घाला आणि मग एका सकाळी त्यांच्या डोक्यावर रिकामा हंडा देऊन पाड्यावरच्या बायकांबरोबर विहिरीपर्यंत चालत न्या. येताना हंडा भरलेला असेल. त्यानंतर घरचा नळ उघडा टाकून दात घासताना त्यांचा हात आपोआप तोटीकडे जाईल.

तुमची,
ताई