विश्लेषण : रायगडइतकीच ‘विरळ’ सिडनी; तरीही कामावर पोहोचायला तास का लागतो?

ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या तरुणाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘तिकडे गर्दी नाही.’ पेण, नागोठणे, रोहा पट्ट्यातील कारखान्यांत अनुभव घेऊन परदेशाची वाट धरणाऱ्यांनाही हेच सांगितले जाते. वाक्य खोटे नाही. मात्र त्याच्या भरवशावर घर निवडले तर रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर जाऊ शकतात. 

आकडे काय सांगतात?

बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ६०३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे दर चौरस किलोमीटरला वीस हजारांहून अधिक माणसे. ग्रेटर सिडनीचे क्षेत्रफळ सुमारे १२,३६८ चौरस किलोमीटर, मुंबईच्या वीसपट. पण २०२१ मध्ये तिथली लोकसंख्या होती ५२ लाख. घनता सुमारे ४२०. ग्रेटर मेलबर्नची घनता सुमारे ४९०. रायगड जिल्ह्याची घनता २०११ मध्ये ३६८ होती. कागदावर पाहिले तर सिडनी मुंबईपेक्षा रायगडच्या जवळची आहे.

ही सरासरी फसवी का?

ग्रेटर सिडनीच्या हद्दीत ब्लू माउंटन्सचे डोंगर, राष्ट्रीय उद्याने आणि शेतीही मोजली जाते. रायगडची सरासरी काढताना पनवेलच्या इमारती आणि सुधागडचे जंगल एकाच टोपलीत पडते, तसाच हा प्रकार. प्रत्यक्षात मेलबर्नच्या मध्यवर्ती भागाच्या उत्तरेकडील पट्ट्यात दर चौरस किलोमीटरला तीस हजारांहून अधिक लोक उंच इमारतींत राहतात. तिथून काही स्थानके दूर गेले, की बैठी घरे, अंगण आणि दोन गाड्यांची जागा सुरू होते आणि ती कित्येक किलोमीटर संपत नाही. कार्यालये मात्र मोठ्या संख्येने मध्यभागीच आहेत. 

विरळ वस्तीचा प्रवासाशी संबंध काय?

मुंबईत एक लोकल चुकली तर गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांत दुसरी येते. ती येते, कारण ती भरण्याइतकी माणसे स्थानकापासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात. बैठ्या घरांच्या उपनगरात थांब्याजवळ राहणारी माणसेच थोडी, त्यामुळे बस अर्ध्या तासाने किंवा त्याहून उशिरा येते. बस कमी म्हणून लोक गाडी घेतात. लोक गाडी घेतात म्हणून बसला प्रवासी मिळत नाहीत. मग ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला पर्याय उरत नाही.

नागोठणेकरांना हे लवकर का उमजेल?

कारण ते हेच जगत आले आहेत. नागोठण्याहून रेल्वे जाते, पण दिवा-रोहा मार्गावर मेमूच्या फेऱ्या मोजक्याच. एक चुकली की एसटी, विक्रम किंवा ओळखीच्याची दुचाकी. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्यामुळे इथे कुणी ‘मुंबई किती किलोमीटर?’ विचारत नाही, ‘किती तास?’ असे विचारतो.

नागोठण्याचा इतिहासही हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले प्रवासी खाडीतून बोटीने नागोठण्याला उतरत आणि पुढे महाडकडे जात. वाहतुकीचे साधन बदलले आणि बंदराचे महत्त्व गेले. गाव जागचे हलले नाही, अंतर मात्र बदलले.

स्वस्त घराची खरी किंमत किती?

मेलबर्नच्या पश्चिमेला, मध्यवर्ती भागापासून सुमारे २५ किलोमीटरवर टारनीट हे उपनगर आहे. भारतीयांची मोठी वस्ती, ऐसपैस घरे. इथले रेल्वे स्थानक २०१५ मध्ये सुरू झाले. पण शहरी विद्युत लोकल नव्हे, तर जिलाँगकडे जाणाऱ्या प्रादेशिक डिझेल गाड्या इथे थांबतात. स्थानकापासून घर लांब असेल तर आधी बस किंवा गाडी, मग वाहनतळात जागा शोधणे, मग रेल्वे.

सिडनीत पॅरामॅटाजवळचे हॅरिस पार्कही भारतीयांचेच, मध्यवर्ती भागापासून सुमारे २० किलोमीटरवर. मात्र स्थानक वस्तीतच आहे. दोन्हींतील फरक पाच किलोमीटरचा दिसतो. रोजच्या दिनक्रमात तो त्याहून खूप मोठा ठरतो.

तिथे घरभाडे आठवड्याच्या हिशेबाने सांगतात. लांबच्या घरात भाडे वाचते, पण गाडी, विमा, इंधन आणि वाहनतळाचा खर्च त्याच वहीत लिहावा लागतो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात तात्पुरत्या व्हिसावरील रहिवाशांनाही साधारण सहा महिन्यांनंतर स्थानिक वाहन परवाना लागतो. या काळात सर्वाधिक अडकतो तो गाडी न चालवणारा जोडीदार आणि भेटीला आलेले आई-वडील. गावात बाजारापर्यंत पायी जाणारी आई तिथे दुधासाठी मुलाच्या सुट्टीची वाट पाहते.

घर निवडताना काय पाहावे?

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये मांडले होते, की माणूस प्रवासाला दिवसाकाठी साधारण तासभर देतो. वाहन वेगवान झाले की वेळ वाचण्याऐवजी घर लांब जाते. ऑस्ट्रेलियातील शहरे अशीच पसरली. म्हणून पहिल्या वर्षी तरी खोली लहान चालेल, पण स्थानक पायी गाठता आले पाहिजे. मोबाइलवरील नकाशात सोमवारी सकाळी आठ वाजता कामावर पोहोचण्याची वेळ टाकून पाहावी. रविवारी आणि रात्री दहानंतर किती मिनिटांनी गाडी आहे, तेही तपासावे. पाळीत काम करणाऱ्यांसाठी खरे वेळापत्रक तेच.

रायगडने यातून काय घ्यावे?

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या परिसरात, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर, नवे शहर उभारण्याची जबाबदारी एमएमआरडीएकडे आली. हे शहर केवळ रस्त्यांभोवती पसरले तर इथेही प्रत्येक घराला गाडी लागेल आणि पेणच्या पुढचा माणूस आणखी मागे पडेल. आधी दर दहा मिनिटांनी धावणारी रेल्वे आणि मग तिच्या स्थानकांभोवती घरे, हा क्रम सिडनी-मेलबर्नच्या नव्या उपनगरांत अनेकदा उलटा झाला. तिथे आता तो दुरुस्त करण्यासाठी मोठा खर्च होतो आहे. रायगडला तो चुकवता येईल. गर्दी ही माणसांमुळे होत नाही, ती अपुऱ्या गाड्यांमुळे होते, एवढे नियोजनकर्त्यांनी मान्य केले तरी पुरे.