आधी उत्तर, मग नाव

सीताफळाचा हंगाम तोंडावर आला की आपल्या बीड जिल्ह्यातले बागायतदार, रोपवाटिकाधारक आणि गर काढणारे बचत गट यांचे फोन दिवसभर वाजू लागतात. त्यातले बहुतेक फोन आडत्यांचे, गाडीवाल्यांचे आणि भाव पाडून मागणाऱ्यांचे असतात. आपण ज्याची खरी वाट पाहतो तो पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खाणाऱ्या घरातून थेट आलेला फोन अजून कमीच येतो. फळ चांगले आहे, पण त्या घरापर्यंत आपले नाव पोहोचलेले नाही आणि जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत आपल्यातल्या फार थोड्यांची आहे. म्हणून या अंकात एका बिनपैशाच्या साधनाबद्दल लिहीत आहोत. आपण ते रोज वापरतो, पण नीट वापरत नाही. ते म्हणजे ऑनलाइन गटांतल्या चर्चेत आपल्या मजकुराखाली येणारी आपली सही: नाव, गाव, माल आणि संपर्काची लिंक.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात आता १०२४ जण बसतात. फेसबुकवरचे शेतीचे आणि खवय्यांचे गट याहून कितीतरी मोठे आहेत. अशा गटात सकाळी कोणी झाडावरच काळ्या पडून वाळलेल्या फळांचा फोटो टाकतो आणि विचारतो, हे कशाने झाले? खाली उत्तरे येतात: ‘फोन करा’, ‘आमच्याकडे औषध मिळेल’, ‘खात्रीशीर रोपे, संपर्क साधा’. प्रत्येकाखाली नाव, दुकान आणि दोन-दोन मोबाइल नंबर. विचारणाऱ्याला उत्तर मात्र मिळालेले नसते. तो यातल्या कोणालाही फोन करत नाही, आणि हे सगळे वाचणारे बाकीचे शेकडो जणही करत नाहीत. ते मुकाट्याने एवढेच ठरवतात की ही माणसे विकायला आली आहेत.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. सहीला स्वतःची ओढ नसते, वरच्या उत्तराने जो विश्वास कमावला तेवढाच तिच्या वाट्याला येतो. उत्तर पोकळ असेल तर सही कितीही सजवा, गिऱ्हाईक येणार नाही. उत्तर कामाचे असेल तर दोन ओळींची साधी सहीही पुरते.

समजा, पुण्यातल्या एका खवय्यांच्या गटात एक गृहिणी विचारते, “सीताफळं आणली, लगेच फ्रिजमध्ये ठेवली, तर काळी पडली आणि पिकलीच नाहीत. फळच खराब होतं का?” तिला आपल्यापैकी कोणी असे लिहिले पाहिजे: “ताई, फळ बहुतेक चांगलंच होतं. कच्च्या सीताफळाला थंडी सोसत नाही, फ्रिजमध्ये ते पिकायचं थांबतं आणि साल काळी पडते. पुढच्या वेळी घरातच, हवेशीर जागी, एकावर एक न रचता ठेवा. बोटाने हलकं दाबून पाहा, मऊ लागलं की पिकलं. मग हवं तर एखादा दिवस फ्रिजमध्ये चालेल. आणि घेताना फळाचे डोळे पाहा. खवल्यांमधल्या सांध्यांत पिवळसर-पांढरी छटा आलेली असेल तर फळ तयार होऊन तोडलंय. डोळे मिटलेले असतील तर ते घाईने तोडलेलं आहे, नीट पिकणार नाही.”

आणि त्याखाली: “बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, ता. धारूर, जि. बीड. सप्टेंबर ते नोव्हेंबर. डोळे उघडल्यावरच तोडणी. मागणीसाठी ही लिंक.”

या सहीत ‘डोळे उघडल्यावरच तोडणी’ हे तीन शब्द सगळ्यात मोलाचे आहेत. वरच्या उत्तराने त्या ताईला डोळे म्हणजे काय ते नुकतेच शिकवले. खाली तीच काळजी घेणारा माणूस तिला सापडला. तिने लिंक उघडली तर ती कोणाच्या भुलवण्याने नव्हे, स्वतःच्या समजुतीने उघडली. असे गिऱ्हाईक भावावरून सहसा घासाघीस करत नाही आणि पुढच्या वर्षी परत येते.

रोपवाटिकाधारकांनाही हेच लागू आहे. “फुलं भरपूर लागतात, फळं धरत नाहीत” हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. याला ‘आमचे टॉनिक वापरा’ हे उत्तर नाही. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे एकाच फुलात दोघांची वेळ जुळत नाही. पराग वाहून नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात आणि कोरड्या, तापलेल्या हवेत स्त्रीकेसर लवकर सुकतो. म्हणून पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग बशीत झटकून घ्यायचा आणि सकाळच्या वेळी मऊ ब्रशने अर्धवट उमललेल्या फुलांत लावायचा. फळ वेडेवाकडे होण्याचे कारणही बहुधा अर्धेच परागीकरण हे असते, हेही जोडीला सांगावे. एवढे समजावून सांगणाऱ्याच्या नावाखाली ‘परवानाधारक रोपवाटिका, ता. अंबाजोगाई’ असे असले की वाचणारा नंबर जपून ठेवतो. त्याला रोपे आज नको असतील, पण लागवडीच्या वेळी त्याला हेच नाव आठवेल.

सहीची ही शिस्त नवी नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, युजनेटवर चर्चा चालत तेव्हाच सही चार ओळींहून मोठी नसावी असा दंडक पडला होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट-शिष्टाचाराच्या मार्गदर्शक टिपणातही तोच सल्ला आहे. १९९६ मध्ये ‘मायबोली’ सुरू झाली आणि मराठी माणूसही ऑनलाइन लिहू, भांडू, एकमेकांना सल्ले देऊ लागला. मग लोकांच्या ध्यानात आले की सहीत संकेतस्थळाची लिंक टाकली की गूगलच्या शोधात ते स्थळ वर सरकते, आणि लिंका पेरण्यासाठीच लिहिणाऱ्यांची गर्दी झाली. ती आवरायला गूगलने जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आणली. अशी खूण लावलेल्या लिंकमुळे शोधातले स्थान सुधारेल, ही आशा तिथेच मोडली. आज जो कोणी आपल्याला फोन करून ‘हजार ठिकाणी तुमची लिंक टाकून देतो, गूगलवर पहिले याल’ म्हणून पॅकेज विकतो, त्याला स्पष्ट नकार द्यावा. सहीतल्या लिंकवरून माणसे येतात, आणि ती वाचून येतात. यंत्राला फसवण्याच्या नादात त्या वाचणाऱ्या माणसाला गमावू नये.

आपल्या संतांनीही नाव लिहिले, पण कुठे लिहिले ते पाहावे. ‘तुका म्हणे’ येते ते अभंगाच्या शेवटच्या चरणात, सगळे सांगून झाल्यावर. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई ‘नामयाची जनी’ म्हणते तेव्हा आपण कोणाच्या घरची तेही त्यात सांगते. आधी सांगणे, मग नाव, आणि नावात आपले ठिकाण: आम्ही सहीचा नमुना म्हणून हाच क्रम सुचवतो.

सहीत चार गोष्टी असाव्यात. पहिली, नाव आणि गाव-तालुका. गाव लिहायला संकोच करू नये, बालाघाटच्या फळाची ओळख गावावरूनच पटते. दुसरी, काय मिळते आणि कधी. हंगाम संपला की सही त्याच दिवशी बदलावी. मार्चमध्ये ‘ताजी सीताफळं’ लिहिलेली सही आपल्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास घालवते. तिसरी, आपल्या कामाची एक खरी खूण, वर दिली तशी. चौथी, एकच संपर्क. दोन नंबर, एक ईमेल, फेसबुक पान आणि यूट्यूब चॅनल असे सगळे दिले की माणूस कशालाच हात लावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सही आपोआप लागत नाही, पण फोनच्या कीबोर्डमध्ये शॉर्टकट साठवून ठेवला की दोन अक्षरांत ती उमटते. ती दर निरोपाला मात्र लावू नये. ‘शुभ सकाळ’खाली आलेली सही डोळ्यांत खुपते. उत्तर दिले तिथेच ती शोभते.

सहीतले प्रत्येक अक्षर खरे असले पाहिजे, आणि इथे आम्हाला जरा कडक बोलायचे आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाले म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आपोआप ते लावता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती नसेल तर सहीत मानांकन मिरवू नये, नोंदणीसाठी अर्ज करावा. गर किंवा रबडी विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक द्यावा, अनोळखी गिऱ्हाइकाचा धीर त्याने वाढतो. रोपे विकणाऱ्यांनी परवाना असल्याचे लिहावे आणि वाणाचे नाव जबाबदारीने घ्यावे. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राच्या कामातून पुढे आलेला धारूर-६ असो, की बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ मल्हारी कसपटे यांचा एनएमके-०१ गोल्डन असो, नाव ज्या वाणाचे लिहिले तेच रोप दिले पाहिजे. एनएमके ही कसपटे यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. एका शेतकऱ्याची सही वाणाच्या नावातच उतरली आणि रोपागणिक गावोगाव गेली, याहून मोठा पुरावा कोणता? बाजार समितीत पेटीवरचा मार्का पाहून खरेदीदार बोली वाढवतो किंवा पुढे जातो, तसेच सहीचे आहे. एकदा खालच्या थरात कच्ची फळे निघाली की मार्का पडतो, आणि तो परत उभा करायला काही हंगाम जातात.

आता हिशेबाचे. कोणत्या गटातून किती गिऱ्हाईक आले हे कळल्याशिवाय वेळ कुठे द्यायचा ते ठरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट संवाद उघडणारी लिंक करता येते आणि तिच्यात पहिला निरोप आधीच भरून ठेवता येतो. प्रत्येक गटासाठी तो निरोप थोडा वेगळा ठेवावा: एकीकडे ‘सीताफळ हवे आहे, पुणे’, दुसरीकडे ‘रोपांची चौकशी, मराठवाडा’. आलेला निरोप वाचताच माणूस कुठून आला ते समजते. वहीत गटाचे नाव, चौकशा आणि प्रत्यक्ष मागण्या असे तीन रकाने पाडावेत. हंगामाअखेर कोणत्या दोन-तीन गटांत मन लावून लिहायचे आणि कुठून निघायचे ते ही वहीच सांगेल. आणि लिंक उघडल्यावर पलीकडे माणूस तयार हवा. भाव, पेटीचे वजन, पोच कुठे आणि कोणत्या दिवशी, हे लिहून तयार असावे. सीताफळ पिकल्यावर दोन-तीन दिवसांचे धनी असते. चौकशीला परवा उत्तर देणाऱ्याला हा धंदा जमणार नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. गटात सही लावण्याआधी तिथले नियम वाचावेत आणि ॲडमिनला विचारावे. ज्या गटात विक्री चालत नाही तिथे नुसते उत्तर द्यावे, नाव लोक स्वतः विचारतात. दुसरे, घरचा नंबर उघड्यावर टाकू नये. व्यवसायासाठी वेगळा नंबर ठेवावा. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे, कारण पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

हे सगळे फुकट आहे असे म्हणताना त्यात जाणारा वेळ आम्ही विसरलेलो नाही. पण तो वेळ वाया जात नाही. प्रश्नांना उत्तरे लिहिताना आपले ज्ञान लखलखीत होते आणि गिऱ्हाईक कशाला भिते, काय शोधते ते कळते. डोंगरातली फळे वेचून रस्त्याकडेला पाट्या लावून बसणाऱ्या बायाबापड्यांना या गटांत जागा नाही, फळ मात्र त्यांच्याच हाताने आपल्यापर्यंत येते. त्यांच्याकडून माल घेणाऱ्या बचत गटांनी आपल्या सहीत त्यांच्या गावाचे नाव लिहावे आणि वाढलेल्या भावातला वाटा त्यांना द्यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

या हंगामासाठी प्रत्येक वाचकाने एवढे करावे. आपल्याला सर्वांत जास्त वेळा विचारले जाणारे पाच प्रश्न लिहून काढावेत, त्यांची पुरी, खरी, कोणालाही कळतील अशी उत्तरे तयार ठेवावीत आणि चार ओळींची सही नक्की करावी. आठवड्यातून दोनदा, ज्याला गरज आहे त्याला, विकण्याचा एकही शब्द न घालता उत्तर द्यावे. ज्याच्या सांगण्याने एखाद्याचे फळ वाया जायचे वाचले, त्याच्याकडून लोक विकतही घेतात, हा आमचा भरवसा आहे आणि तो आपण सर्वांनी मिळून या हंगामात खरा करून दाखवावा.