पंप येईल, दुरुस्त कोण करील?

२०२४ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना काढली. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, बाकीचे अनुदान. कळमनुरी, वसमत, औंढ्याच्या शिवारात पॅनल बसतील. आपल्या पोरांनी फक्त खड्डेच खोदायचे काय? पुरवठादाराची दुरुस्तीची हमी ५ वर्षांची. पुढे गावाला कारागीर लागणारच. पण हे काम अंदाजाचे नव्हे. बटण बंद केले तरी ऊन असेतोवर पॅनलमध्ये वीज असते. न शिकलेल्याच्या जिवावर बेतेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे, मुलींनाही खुला आहे. दहावीचा निकाल लागताच आधी तो अर्ज भरा. ऊसतोडीचा कोयता लेकरांच्या हाती देण्याची घाई करू नका.