निरोपाला किती कुंपण?

दोंडाईचा येथील बाजारात मिरचीची आवक वाढली, की भावाचा निरोप खेड्यांपर्यंत वेळेत जाणे आडत्या आणि शेतकरी, दोघांच्याही हिताचे असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली. लवकरच ती २०० झाली. रोख होता नकोशा जाहिरातींवर, पण लग्नाचे निमंत्रण धाडणाराही त्याच तागडीत तोलला गेला. खासगी संदेशांवरील ही मर्यादा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. व्यापारी संदेशांना २०१८ च्या नियमांनी पेढीची नोंदणी आणि मजकुराचा मंजूर साचा आवश्यक केला. साच्यात भावाचा आकडा रोज पालटता येतो. संख्या मोजण्यापेक्षा ओळख मागणे अधिक न्याय्य. नोंदणीची खटपट लहान आडत्याला जाचते, हेही खरे. ती टाळून साध्या सिमवरून भाव कळविले आणि कोणी १९०९ वर तक्रार केली, तर त्याचा क्रमांकच बंद पडू शकतो.