इमारत झाली, रात्री भूल कोण देणार?

मा. संपादक,


आमच्या तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत बांधून पूर्ण झाली आहे. 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे आता 50 खाटांचे उपजिल्हा रुग्णालय होणार आणि लवकरच लोकार्पण होणार, असे फलक चौकात लागले आहेत. मी 31 वर्षे सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते. त्यातली बहुतेक वर्षे प्रसूतिकक्षात गेली. त्यामुळे राहवले नाही, जाऊन इमारत पाहून आले.

मला आनंद झाला, हे आधी सांगते. जुन्या इमारतीत पावसाळ्यात प्रसूतीच्या टेबलावरच छत गळायचे. टेबल भिंतीकडे सरकवून आम्ही खाली बादली ठेवायचो. ओली बाळंतीण पायऱ्या उतरून आवारातल्या संडासात जायची. आता वॉर्डाला लागून स्वच्छतागृह आहे, स्ट्रेचरसाठी उतार आहे, खाटेपाशी ऑक्सिजनची नळी आहे, नवजात बाळांसाठी वेगळी खोली आहे. ‘सरकार नुसत्या इमारतीच बांधते’ असे म्हणणाऱ्यांनी त्या गळक्या खोलीत एक रात्र काढायला हवी होती. गरीब माणसालाही चांगल्या इमारतीत उपचार घेण्याचा हक्क आहे.

पण तिथे भेटलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता एखाद्या बाईचे सिझेरियन करायची वेळ आली, तर भूल कोण देणार? उत्तर कुणाकडेच नव्हते.

असे का होते, ते या खात्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. इमारतीची फाईल एका वाटेने जाते: प्रशासकीय मान्यता, निधी, निविदा, बांधकाम. माणसांची फाईल दुसऱ्याच वाटेने जाते: आकृतिबंध, पदनिर्मिती, वित्त विभागाची मंजुरी, मग भरती. पहिली फाईल पुढे सरकली की गावाला भिंती दिसू लागतात. दुसरी कुठे अडली आहे, हे कुणाच्या नजरेस पडत नाही. मग 30 खाटांवर पुऱ्या न पडणाऱ्या सिस्टर 50 खाटांवर वाटल्या जातात. वॉर्ड वाढतो, फेरी लांबते, आणि सलाईन संपल्याचे आधी नातेवाइकांना कळते.

नोकरीच्या काळात एका गावी मी हे भोगले आहे. तिथेही नवे शस्त्रक्रियागृह होते, दिवे आणि टेबल कोरे करकरीत. पहिलटकरीण अडली होती, बाळाचे ठोके मंदावत होते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आवारातच राहत. भूलतज्ज्ञ मात्र शहरातून बोलावण्यावर यायचे, आणि त्या रात्री ते दुसऱ्या ठिकाणी अडकले होते. संदर्भ चिठ्ठी लिहिली, 108 बोलावली, मीही गाडीत बसले. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत बाळ गेले. आई वाचली. त्या भूलतज्ज्ञांना मी दोष देत नाही. एका माणसाने 24 तास, 30 दिवस हजर राहावे, ही अपेक्षाच चुकीची होती. म्हणून एका पदाने भागत नाही, किमान दोन लागतात.

‘तज्ज्ञ खेड्यात येत नाहीत’ हे उत्तर ऐकून मी थकले आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणापुरती भूल देता यावी म्हणून 18 आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले होते. आपल्याच तालुक्यातल्या दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांना असे प्रशिक्षण देऊन इथेच नेमता येईल. आणि आलेला माणूस टिकावा असे वाटत असेल, तर त्याला राहायला जागा लागते. नव्या आराखड्यात कर्मचारी निवासस्थाने ‘दुसऱ्या टप्प्यात’ आहेत, असे मला सांगण्यात आले. रात्रीचे रुग्णालय तर या निवासस्थानांच्याच जोरावर चालते. ती पहिल्या टप्प्यात हवी होती.

रक्ताचेही तेच. प्रथम संदर्भ केंद्र म्हणवून घ्यायचे, तर केव्हाही सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा या तिन्ही गोष्टी हव्यात. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. पिशवी आणायला जिल्ह्याला गाडी पाठवण्याइतका वेळ कुठे असतो? साठवण केंद्राची खोली बांधली आहे. फ्रीज, परवाना आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचे काय, ते लोकार्पणाआधी कळावे.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला झोप लागत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि 10 बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, आणि तो तर करोनाकाळात नव्याने उभारलेला होता. नवे म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. वॉर्मर, व्हेंटिलेटर, एसी यांचा भार वायरिंगला पेलतो का, रात्रपाळीच्या सिस्टरला अग्निशामक नळकांडे वापरता येते का, तिला एकटीला किती बाळे बाहेर काढता येतील, हे आताच, वॉर्ड रिकामा असताना, प्रत्यक्ष करून पाहावे. भरल्या वॉर्डात हा सराव करता येत नाही.

लोकार्पण पुढे ढकलावे, अशी माझी मागणी नाही. बाह्यरुग्ण विभाग उद्याच सुरू करा, लोक जुन्या व्हरांड्यात उन्हात बसले आहेत. पण मंजूर किती पदे, भरलेली किती आणि रात्री कोण कोण हजर, याचा फलक दर्शनी भागात लावावा आणि तो दर महिन्याला बदलावा. अडलेल्या बाईला घेऊन येणाऱ्यांना निदान दारातच कळेल, इथे थांबायचे की पुढे जायचे. ती पहिलटकरीण अडली त्या रात्री आम्ही चाळीस मिनिटे फोन लावण्यात घालवली होती.

लोकार्पणाच्या बातमीसाठी आपले वार्ताहर येतीलच. त्यांना एक विनंती. फीत कापून झाल्यावर त्यांनी प्रसूतिकक्षातल्या सिस्टरकडे जावे आणि त्या रात्रीच्या ड्युटीच्या तक्त्यात भूल देणाऱ्याच्या रकान्यात नाव आहे का, ते पाहावे. नाव असले तर कृपया तेही छापावे.

– एक निवृत्त परिचारिका