मंडळाचा पारा आणि बागेतला गारठा

थंडीची लाट आली की सावदा, निंभोरा, खिर्डी भागातून एकच विचारणा होते, "साहेब, मंडळात पारा किती उतरला?" विचारणा रास्त आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर. 2017 पासून महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. किमान तापमान सलग ठरावीक दिवस 8 अंश किंवा त्याखाली राहिले, तरच केळीची कमी तापमानाची भरपाई लागू होते. मध्ये एक रात्र 8.3 ची आली की सलगता तुटते, मग बागेत चरका बसलेला असला तरी. किती दिवस, किती रक्कम हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात वाचावे. 2020 मध्ये निकष कडक केल्यावर किती ओरड झाली होती, हे आपल्याकडे कोणी विसरलेले नाही.

केळीला मात्र मंडळाचा आकडा कळत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात साचते. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे उतरणाऱ्या आपल्या जमिनीत नाल्याकाठची बाग आणि माथ्यावरची बाग यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. त्यात पान उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही जास्त थंड होते. म्हणून केंद्रावर 10 दिसले तरी सखल बागेने निर्धास्त राहू नये.

यावर उपाय स्वस्त आहे. किमान-कमाल तापमापी बागेत, सावलीत, साधारण छातीच्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा. शेजारी मंडळाचा आकडा लिहा. तो तालुका कृषी कार्यालयात विचारावा. एका हिवाळ्यात आपल्या बागेचा फरक कळतो. समजा तो 2 अंश निघाला, तर मंडळाचा अंदाज 11 असतानाच रात्रीचे पाणी आणि पहाटेच्या धुरीची तयारी हवी. कांदेबागेची कोवळी रोपे आणि निसवणीला आलेली झाडे यांना आधी जपा. गारठ्यात घड खोडातच अडकतो. ही वही विम्याचा पुरावा ठरत नाही, पण केंद्राच्या जागेबद्दल तक्रार करायची झाली तर बोलायला आधार होतो.

आता ग्रामपंचायत पातळीवर केंद्रे नेण्याचे धोरण आहे. केंद्रे वाढणे चांगलेच, पण झाडाच्या सावलीत, पत्र्याच्या शेडशेजारी किंवा सिमेंटच्या अंगणात बसवलेले केंद्र चुकीचाच आकडा देईल, आणि तो आकडा गावाच्या भरपाईला चिकटेल. जागा ठरताना ग्रामसभेत प्रश्न विचारा. केंद्र बसल्यावर बोलून फारसा उपयोग होत नाही.

वादळी वारा आणि गारपिटीचे वेगळे आहे. तिथे नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत विमा कंपनीला स्वतः द्यावी लागते. केंद्राची नोंद येण्याची वाट पाहत बसू नका.