टेक्निकल रायटर व्हायचंय? सर्टिफिकेटच्या आधी मसुदा तपासणारं माणूस शोधा

‘इंजिनिअरिंग झालंय, कोडिंगमध्ये मन रमत नाही, इंग्रजी बरं आहे. टेक्निकल रायटिंगमध्ये जाऊ का?’ शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच. उत्तरंही ठरलेली असतात. अमुक कोर्स कर, तमुक टूल शीक, लिंक्डइनचं प्रोफाइल नीट कर. लिहिलेलं कोणाला दाखवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आधी काम काय ते पाहू. सॉफ्टवेअर किंवा मशिन कसं बसवायचं, कसं वापरायचं आणि अडलं तर काय करायचं, हे लिहिणारा तो टेक्निकल रायटर. बँकेच्या ॲपमधलं ‘हेल्प’ पान, एपीआयची माहिती, पंपाचं मॅन्युअल, नव्या व्हर्जनसोबतच्या रिलीज नोट्स, हे सगळं कोणीतरी पगार घेऊन लिहीत असतं. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या आयटी कंपन्यांत ही पदं वर्षानुवर्षं आहेत.

गरजही खरी आहे. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के जणांनी अपुरं किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन ही अडचण असल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के जण डॉक्युमेंटेशनला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाहीत, असंही दिसलं. म्हणजे दुखणं सगळ्यांना माहीत आहे, पण औषध द्यायला कोणी बसत नाही.

चार वर्षं लिहिलं, वाचलं कोणी?

इंजिनिअरिंगच्या मुलांना लिहिण्याची सवय नसते, असं म्हणतात. ते खरं नाही. एम, ॲपरेटस, प्रोसिजर, रिझल्ट, कन्क्लुजन. आम्ही चार वर्षं जर्नलंच भरली. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची फाइल समोर ठेवून प्रोसिजर उतरवायची, सकाळी सही घ्यायची. त्या प्रोसिजरनुसार प्रयोग खरंच होतो का, हे कोणी पाहिलं नाही. सही झाली, वाचन झालं नाही.

नोकरीतलं टेक्निकल रायटिंग नेमकं याच्या उलट आहे. तिथे एक अनोळखी माणूस तुमचं वाक्य वाचतो आणि तसंच करतो. चुकीचा क्रम लिहिला तर त्याचा डेटा जातो, कधी हातही भाजतो. ही जबाबदारी व्हिडिओ पाहून अंगात येत नाही. आपण लिहिलेल्या ओळीवर कोणीतरी बोट ठेवून ‘म्हणजे काय?’ असं विचारावं लागतं.

एक साधं उदाहरण घेऊ. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरण्याची सूचना नवशिक्याने अशी लिहिली, असं समजा:

‘बॅटरीचं झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर योग्य पातळीपर्यंत भरावं. मात्र तत्पूर्वी इन्व्हर्टर बंद असल्याची खात्री करून घ्यावी.’

व्याकरण ठीक आहे. मराठीच्या पेपरात पूर्ण मार्क मिळतील. चांगला मेंटॉर मात्र इथे तीन प्रश्न विचारेल. वाचणारा ‘तत्पूर्वी’पर्यंत पोहोचेल तेव्हा त्याच्या हातात काय असेल? (उघडलेलं झाकण.) ‘योग्य पातळी’ कुठे दिसते? आणि ‘खात्री करून घ्यावी’ म्हणजे कोणतं बटण दाबायचं?

मुलगा बॅटरीपाशी जातो, बघतो आणि पुन्हा लिहितो: ‘१. इन्व्हर्टर बंद करा. २. इन्व्हर्टरचा मेन स्विच बंद करा. ३. झाकण उघडा. ४. दर्शक हिरव्या खुणेपर्यंत वर येईल इतकंच डिस्टिल्ड वॉटर भरा.’

इथे मेंटॉरने एक शब्दही लिहून दिला नाही. कामाच्या घाईत सीनियर स्वतःच वाक्य दुरुस्त करतात, पान वेळेत जातं आणि ज्युनियर तिथेच राहतो. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा ‘तत्पूर्वी’ लिहून आणतो. प्रश्न विचारून परत पाठवायला वेळ जास्त लागतो, पण शिकवणं म्हणतात ते हेच. बाकी टूल्स काय, मार्कडाउन दुपारभरात येतं, गिटला थोडे दिवस जास्त लागतात.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची मोठी अडचण इथे असते. हे काम बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतं, म्हणून फाडफाड इंग्रजी हवं असं त्यांना वाटतं. विमान उद्योगाचा अनुभव वेगळं सांगतो. विमान दुरुस्तीची मॅन्युअल्स जगभरचे मेकॅनिक वाचतात आणि त्यांतल्या अनेकांची भाषा इंग्रजी नसते. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम तयार झाले. आज ते एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखले जातात. सर्वसाधारण वापरासाठी जेमतेम ९०० मान्य शब्द, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ आणि कृती सांगणाऱ्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द.

म्हणजे ज्याला ‘साधं इंग्रजी’ म्हणून नाक मुरडलं जातं, तेच इथे कौशल्य ठरतं. अलंकारिक इंग्रजी लिहिणाऱ्याला उलट बरंच विसरावं लागतं. पण हे मुलाला सांगणार कोण? स्वतः भुसावळहून किंवा लातूरहून येऊन या कामात दहा वर्षं काढलेल्या माणसाने सांगितलं, तर ते चटकन पटतं. अशी माणसं आहेत. त्यांनी कॉलेजच्या गेस्ट लेक्चरला जाऊन स्लाइड्स दाखवण्यापेक्षा पाच मुलांचे पाच मसुदे तपासावेत.

मग शोधायचं कुठे?

ओळखीचं कोणी नसेल, तर ओपन सोर्स हा सध्याचा सगळ्यात मोकळा रस्ता आहे. तिथे डॉक्युमेंटेशनमधला प्रत्येक बदल पुल रिक्वेस्ट म्हणून येतो, जाणकार त्यावर शेरे लिहितात आणि ते शेरे कोणालाही वाचता येतात. दुसऱ्याच्या मसुद्यावरचे शेरे वाचणं ही फुकटची शिकवणी आहे, आणि ती सोलापुरात बसूनही मिळते. गुगलचे टेक्निकल रायटिंगचे प्राथमिक कोर्सही मोफत आहेत. हजारो रुपये भरण्याआधी निदान ते तरी करून पाहा.

गुगलने २०१९ मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केलं, तेव्हा पहिली दोन वर्षं रायटरची थेट ओपन सोर्स प्रकल्पांशी जोडी लावली जायची. त्यातल्या मेंटॉरचं मुख्य काम लेखन शिकवणं हे नव्हतं. प्रकल्प कसा चालतो, कोणाला काय विचारायचं, बदल कसा पाठवायचा हे दाखवणं, हे होतं. मला ही बाजू तितकीच महत्त्वाची वाटते. नव्या रायटरला डेव्हलपरच्या टेबलापाशी जायची भीती वाटते. सोबत एकदा कोणी आलं की पुढच्या वेळी तो एकटा जातो.

असं कोणी सोबत नसलं की काय होतं, तेही २०२० मध्ये दिसलं. हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्ट मिळतो म्हणून अनेकांनी रीडमी फाइलमध्ये एखादा निरर्थक शब्द घुसडून पुल रिक्वेस्ट पाठवल्या. प्रकल्प सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना मध्येच नियम बदलावे लागले. त्या मुलांना ‘चार पुल रिक्वेस्ट टाका’ एवढंच सांगितलं गेलं होतं.

संघटनांचा आधारही आता पूर्वीसारखा नाही. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही ७० वर्षांहून जुनी संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. तिची भारतातही शाखा होती. ‘राइट द डॉक्स’सारखे समूह आहेत, पण नवख्याचा हात धरायला तेवढं पुरत नाही.

कंपन्यांनी काय करावं?

माझा मुख्य रोख इथे आहे. मेंटॉरिंग हे आपल्याकडे चांगुलपणाचं काम समजलं जातं. सीनियरने डबा खाताना किंवा शनिवारी वेळ काढून करायचं. अप्रेजलमध्ये त्याची नोंद नाही, मग रिलीज जवळ आली की पहिला बळी त्याचाच. आठवड्याला दोन तास मसुदे तपासण्यासाठी, आणि ते केआरएमध्ये लिहिलेले, एवढं तरी हवं. दोन तास परवडत नाहीत असं म्हणणाऱ्या कंपनीने सपोर्टला येणाऱ्या कॉल्सचा हिशेब एकदा करावा.

कायद्याचा आधारही आहे. अप्रेंटिस म्हटलं की आपल्याला आयटीआयचा फिटर आठवतो. पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्याच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. त्यात पदवीधरही येतात आणि त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. त्यातली एखादी जागा डॉक्युमेंटेशनला द्यायला काय हरकत आहे?

‘आता एआय लिहितंय, ज्युनियर कशाला?’ हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. पहिला मसुदा एआय झटपट देतं, यात वाद नाही. पण मागच्या व्हर्जनमध्ये नाव बदललेल्या बटणावर क्लिक करायलाही ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं. ते पकडायला प्रत्यक्ष प्रॉडक्ट उघडून एकेक पायरी करून पाहणारा माणूस लागतो, आणि तसं पाहायची सवय ज्युनियर असतानाच लागते. आज ज्युनियर घेतले नाहीत, तर दहा वर्षांनी एआयचे मसुदे तपासायला कोण बसणार, याचं उत्तर निदान मला तरी कुठल्या कंपनीकडून मिळालेलं नाही.

आणि मुलांसाठी एक. ‘सर, प्लीज गाइड मी’ असा मेसेज लिंक्डइनवर पाठवू नका. त्याला उत्तर येत नाही, कारण त्याला काय उत्तर द्यायचं हे समोरच्याला कळतच नाही. घरातलं एखादं उपकरण किंवा रोजचं ॲप निवडा. त्यातल्या एकाच कामाची एक पानभर सूचना लिहा. आईला किंवा शेजारच्या काकांना ती वाचून तसं करायला सांगा. ते कुठे अडले, ते टिपून घ्या. मग ते पान जोडून लिहा: ‘तिसऱ्या पायरीवर वाचणारा अडतोय. क्रम बदलू की पायरी तोडू?’ एवढ्या प्रश्नाला उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात.